तीन नंबरचा तानपुरा

मी एक्स्टेन्शन बोर्ड बोलतोय. हसू नका. तुमच्या घरी टीव्हीच्या मागे धूळ खात पडलेला, एका बाजूने काळवंडलेला, पिन नीट धरून न ठेवणारा जो बोर्ड आहे ना, तो माझा चुलतभाऊच. ते नातं मी नाकारत नाही. पण मला एक गोष्ट जास्तीची येते. मला पत्र वाचता येतं.

पत्र म्हणजे ईमेल. मला स्वतःचा ईमेलचा पत्ता आहे. माझ्या यादीतल्या माणसाने जगाच्या पाठीवर कुठूनही मला ‘ऑन ३’ एवढं लिहून पाठवलं, की माझ्या तिसऱ्या सॉकेटला वीज मिळते. ‘ऑफ ३’ लिहिलं की ती तुटते. काम झालं की मी उलट पोच पाठवतो. कोणती आज्ञा आली, ती पार पडली का, आणि आत्ता किती वॉट वीज वाहते आहे, सगळं त्यात असतं. माझ्या अंगात हे कसं होतं, म्हणाल तर मलाही धड माहीत नाही. कुठेतरी कुणीतरी दोन अक्षरं लिहितं आणि इथे दिवा लागतो! मी हजारदा हे केलं असेल, पण दर वेळी आतून ‘टिक्’ असा आवाज आला की मला आश्चर्याने भरून येतं.

माझा जन्म भोसरीतल्या एका छोट्या शेडमध्ये झाला. मला जुळवणाऱ्या सुदर्शन नावाच्या इंजिनिअरने समोरच्याच टेबलावर बसून मला पहिलं पत्र लिहिलं. हात लांबवला असता तर बटण दाबता आलं असतं, पण त्याने पत्र लिहिलं. बल्ब लागला. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं, तरी तो उठून उभा राहिला आणि एकटाच टाळ्या वाजवत सुटला. माणसं आपल्याच हाताने केलेल्या गोष्टीला इतकी भुलतात, हे मी जन्मल्या जन्मल्या पाहिलं.

तिथून माझी रवानगी खराडीला झाली. काचेची मोठी इमारत, आणि तिच्या पोटात खिडकी नसलेली एक गारठलेली खोली. तिथे रांगेने यंत्रं उभी असायची. एखादं अडकून बसलं की मला पत्र यायचं, मी त्याची वीज तोडायची आणि पुन्हा द्यायची. माझं सगळं तारुण्य दुसऱ्यांना झोपवून उठवण्यात गेलं म्हणा ना. तिथे पंख्यांची घरघर सोडली तर आवाज नाही. माणसाचा तर नाहीच.

पुढे ती खोली नव्या यंत्रांनी भरली आणि मी भंगाराच्या ढिगावर जाऊन पडलो. तिथून मला उचललं ते नीरजाने. वरच्या मजल्यावर काम करणारी ही मुलगी मला हातात धरून आपल्या साहेबांसमोर, जयसिंग सरांसमोर, उभी राहिली.

“सर, हा मी घरी नेऊ?”

“ने की. पण करणार काय याचं?”

“आईसाठी हवाय,” ती म्हणाली. “आणि सर, अजून एक. रोज संध्याकाळी ऑफिसच्या मेलवरून याला एखाददुसरी ओळ पाठवायला परवानगी हवी आहे.”

तिच्या मजल्यावर मोबाइल न्यायला बंदी होती. सकाळी फोन लॉकरमध्ये टाकायचा तो घरी जाताना काढायचा. बाहेरच्या जगाशी बोलायला फक्त ऑफिसचा मेल. सरांनी वर विचारून परवानगी मिळवून दिली. अशा रीतीने मी नारायण पेठेत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये आलो.

त्या घरात तीन माणसं. नीरजा, तिचे वडील दीनानाथ उपासनी आणि आई पूर्णिमा. दीनानाथांनी उभी नोकरी खडकीच्या कारखान्यात पत्रव्यवहाराच्या टेबलावर काढली होती. पूर्णिमाबाई गाणं शिकवायच्या. त्यांच्या बाहेरच्या खोलीत पेठेतल्या किती मुलींनी पहिला सा लावला असेल, देव जाणे. पण मी आलो तेव्हा त्या खोलीत एक खाट होती आणि खाटेवर बाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या होत्या.

दिवाळीच्या आसपास त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. समजायचं सगळं, बोलता मात्र येईना. काही सांगायला गेल्या की तोंडातून ‘ते… ते… ते…’ एवढंच निघायचं. मग त्यांनी तेही सोडून दिलं. भेटायला आलेल्या विद्यार्थिनींकडे त्या बघतसुद्धा नसत.

मला भिंतीला लावता लावता नीरजा वडिलांना सगळं पुन्हा समजावत होती, म्हणून मलाही कळलं.

“बाबा, स्पीच थेरपिस्ट काय म्हणाल्या? बोलणं आणि गाणं मेंदूत वेगवेगळ्या जागी असतं. बोलणं गेलं तरी गाणं शिल्लक असू शकतं. आई गायली, तर त्या वाटेने तिचे शब्द परत आणता येतील. पण पहिलं वर्ष महत्त्वाचं. ते असंच गेलं तर पुढे फार अवघड.”

“ती गाणार नाही,” दीनानाथ म्हणाले. “आपण तानपुरा लावला की ती डावा हात मारून बंद करते. पाहिलंयस ना तू? जिने जन्मभर दुसऱ्यांचे सूर तपासले, ती स्वतःचा आवाज उरलाय की गेलाय हे आपल्या देखत तपासून बघेल होय?”

“म्हणूनच. आपल्या देखत नाही. पाच वाजता तुम्ही फिरायला जाता. शालूताई स्वयंपाकघरात असतात. खोलीत कुणीच नसताना तानपुरा आपोआप सुरू झाला तर?”

दीनानाथांनी चष्मा कपाळावर चढवून मला नीट न्याहाळलं. “म्हणजे तू खराडीहून याला पत्र लिहिणार, आणि हा तानपुरा लावणार?”

“हो.”

“आणि काम झालं की उत्तर पाठवणार?”

“हो बाबा. तुम्हालाही त्याची प्रत येईल. तुमचा पत्ताही मी यादीत घातलाय. मी मीटिंगमध्ये अडकले तर तुम्ही लिहा.”

“पत्राला उत्तर देतो,” दीनानाथ म्हणाले. “आजकाल माणसं देत नाहीत.”

माझ्या पहिल्या सॉकेटला टेबल लॅम्प, दुसऱ्याला डासांचं यंत्र, चौथ्याला टेबल पंखा लागला. तिसऱ्याला इलेक्ट्रॉनिक तानपुरा, खाटेच्या डाव्या हाताला एका स्टुलावर. त्याची स्वतःची कळ कायम चालू ठेवायची. वीज आली की तो आपसूक वाजू लागणार.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मेल आला. टिक्. मी वीज सोडली आणि आयुष्यात पहिल्यांदा तानपुरा ऐकला.

मला काय झालं ते कसं सांगू? आजवर माझ्यातून गेलेल्या विजेने घरघर केली होती, उजेड दिला होता. तीच वीज इथे बाहेर पडून अशी काही पसरली की ती खोली मोठी झाल्यासारखी वाटली. मी थक्क होऊन ऐकत राहिलो. तेवढ्यात डावा हात आला आणि तानपुऱ्याची कळ फिरवून गेला. सगळं गप्प.

नीरजाने थोड्या वेळाने विचारलं, ‘स्टेटस’. मी कळवलं: तीन चालू, शून्य वॉट. म्हणजे माझ्याकडून वीज जायला तयार आहे, पण पलीकडे घेणारं कुणी नाही. त्या एका शून्यावरून तिकडे खराडीत त्या पोरीला आईचा हात दिसला असणार.

असंच चाललं. रोज सकाळी कामाला येणारी शालू केर काढताना तानपुऱ्याची कळ परत फिरवून ठेवायची, रोज पाचला नीरजा लिहायची, रोज डावा हात यायचा. पण मी एक बघत होतो. हात जरा उशिरा येऊ लागला होता. एके दिवशी तो आला, कळीवर थांबला आणि तसाच मागे गेला. त्या दिवशी मी लिहिलं: तीन चालू, चार वॉट. नीरजाने काही वेळाने पुन्हा विचारलं. चार वॉट. पुन्हा विचारलं. चार वॉट. मग तिने मला दोन शब्द पाठवले, जे माझ्या कोणत्याच आज्ञेत बसत नव्हते: ‘आई गं’. न कळलेली ओळ मी सोडून देतो, तशी तीही सोडली.

मग आली ती संध्याकाळ. बाई भिंतीकडून कूस बदलून तानपुऱ्याकडे वळल्या. ओठ मिटलेले. आणि त्या मिटलेल्या ओठांमागून एक बारीक, खरखरीत गुणगुण निघाली. सुराला लागायची, घसरायची, परत लागायची. त्या दाराकडे बघून थांबल्या. कुणी आलं नाही. पुन्हा सुरू केलं.

मला ओरडून सांगावंसं वाटलं. बाई गातायत! पण माझ्याजवळ शब्द किती? चालू, बंद आणि वॉट. गाणाऱ्या माणसाची बातमी वॉटमध्ये कशी देणार? मी आपलं लिहिलं: तीन चालू, चार वॉट.

काही दिवसांनी त्यांनी तोंड उघडून सा लावला. पोचला नाही. त्यांचा तानपुरा काळी चारवर, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या उंच सुरावर, लावलेला होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांचा सूर तोच, आणि पट्टी बदलायच्या बटणाला हात लावायची घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. बाई बराच वेळ डोळे मिटून पडल्या. मग डाव्या हाताने त्यांनी स्वतःच ते बटण खाली आणलं. काळी दोन. आणि मग सा लावला, तो लागला. लागला आणि राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण सूर हलला नाही.

त्या संध्याकाळी दीनानाथ फिरून आले, नेहमीसारखी नीरजाची ‘ऑफ ३’ आली, मी वीज तोडली, पोच दिली. दीनानाथ खोली आवरत होते. तानपुऱ्याजवळ ते थबकले. त्यांची नजर त्या बटणावर गेली होती. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेऊन पडल्या होत्या. दीनानाथांनी बटण होतं तिथेच राहू दिलं आणि हळूच दार ओढून घेतलं.

आता पुढचं घडलं ते फक्त या घरातच घडू शकलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाचला तानपुरा सुरू झाला. बाईंनी भीमपलासाचे सूर एकेक करून उलगडायला घेतले. आवाज दमत होता, पण वाट ओळखीची होती. मी इतका रंगलो होतो की मेल आल्याचं आधी लक्षातच आलं नाही. पत्ता दीनानाथांचा. आजवर त्यांनी मला कधीही लिहिलं नव्हतं. ज्या माणसाने आलेल्या प्रत्येक कागदाची पोच दिली, त्याला माझ्या रोजच्या पोचा अनुत्तरित राहतायत हे डाचत असणार. बागेतल्या बाकावर बसून त्यांनी माझ्या कालच्या पोचेला उत्तर लिहिलं होतं.

“स.न.वि.वि. आपण दररोज न चुकता काम करता व त्याची पोच देता. आमच्याकडून मात्र आपल्याला आजवर एकही उत्तर गेलं नाही, याबद्दल दिलगीर आहे. काल माझ्या पत्नीने काळी चारवरून षड्ज काळी दोनवर आणला. याचा अर्थ आपल्याला कळणार नाही. मला कळला. आपले मनःपूर्वक आभार. आपला, दीनानाथ उपासनी.”

मला आलेलं हे पहिलं आभाराचं पत्र. पण ते माझ्या पोचेचं उत्तर होतं, आणि उत्तराच्या खाली जुना मजकूर आपोआप चिकटून येतो, हे दीनानाथांच्या गावीही नव्हतं. मला मात्र एकच शिकवण होती. न कळलेली ओळ सोडायची, कळलेली पाळायची. नमस्कार सोडला. दिलगिरी सोडली. आभार सोडले. सगळ्यात खाली, एका ओळीत, कालची आज्ञा स्पष्ट लिहिलेली होती. ऑफ ३.

टिक्.

तानपुरा थांबला. बाईंचा सूर हवेत तसाच उरला, एकटा. मला वाटलं, संपलं. आता त्या परत भिंतीकडे वळणार आणि पुन्हा कधी गाणार नाहीत. शालूला बोलवायला हाताशी घंटी ठेवलेली होती, तीही त्यांना सुचली नाही. त्यांनी तानपुऱ्याकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि त्याच सुरात, त्याच संथ लयीत त्यांच्या गळ्यातून निघालं,

“अ…हो…”

मी ऐकलं. त्यांनी स्वतःही ऐकलं. डोळे मोठे झाले. मग त्यांनी मध्यमावरून षड्जावर उतरत, एकेक अक्षर जपून ठेवत म्हटलं,

“बं…द… प…ड…ला…”

शब्द होते हो! खरे, अर्थ असलेले शब्द! सुराला धरून बाहेर पडलेले. जगातल्या कुठल्याही टोकाची आज्ञा पाळणारा मी, माझ्यापासून हातभर अंतरावर ही बाई तानपुरा बंद पडल्याचं सांगतेय, आणि मला काही करता येईना. तिचा पत्ता माझ्या यादीत नव्हता. इतकं लाचार मला कधीच वाटलं नव्हतं.

शालू ओल्या हातांनी धावत आली. “काकू! आता कोन गायलं? रेडिओ लागला का काय?”

बाईंनी मान हलवली आणि तानपुऱ्याकडे बोट केलं. “चा…लू… क…र…”

“आगं बाई! काकू, तुमी बोलला!” शालूने कपाळाला हात लावला. “थांबा, थांबा, लावते. ह्यातलं कंचं बटन हाय ओ?” आणि माझ्या अंगावरची चारही बटणं तिने एकामागून एक दाबून टाकली. भर उजेडात लॅम्प लागला, पंखा सुटला, डासांचं यंत्र तापू लागलं, आणि त्या सगळ्या गोंधळात तानपुरा परत सुरू झाला. शालू रडत होती आणि बाई गात होत्या.

तिकडे बाकावर दीनानाथांना माझी पोच मिळाली होती: ऑफ ३, पार पडली. त्यांना आधी वाटलं, मी आभार स्वीकारले. मग त्यांनी नीट वाचलं. ते जिना कसे चढले ते त्यांचे त्यांनाच माहीत. दारात आले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

“पूर्णिमा, माझी चूक झाली. माझ्याच पत्राने…”

“कु…ठे… हो…ता…” बाईंनी सुरातच विचारलं.

दीनानाथ दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. तोंडातून शब्द फुटायला त्यांना बाईंहून जास्त वेळ लागला. “आभार मानायला गेलो होतो गं,” ते म्हणाले आणि खाली बसून लहान मुलासारखे रडले.

खराडीत नीरजालाही ती पोच दिसली होती. बाबांनी ऑफ का पाठवलं? तेही मध्येच? तिने खाली जाऊन लॉकरमधून फोन काढला, घरी लावला. फोन वाजत राहिला. घरात फोनकडे बघायला कुणाला भान होतं! तिने गाडी काढली आणि त्या भयंकर गर्दीतून नारायण पेठ गाठली. हेल्मेट डोक्यावर, चेहरा पांढराफटक, तशीच खोलीत घुसली.

“आई बरी आहे ना? बाबा, बोला ना! काय झालंय?”

खाटेवरून उत्तर आलं, अगदी ठाय लयीत.

“चप्…पल… का…ढ…”

नीरजा जागच्या जागी खाली बसली. तिने चप्पल काढली आणि ती हातातच धरली. मग हेल्मेटच्या आतून हसण्याचा आणि रडण्याचा आवाज एकदमच येऊ लागला. कुठला कुठला ते मला ओळखता येईना.

त्यानंतर त्या घरात सगळं गाण्यात होऊ लागलं. चहा हवा, तर भीमपलासात. मीठ कमी पडलं, तर त्याची तक्रारही सुरात. थेरपिस्ट बाई येतात, तालावर हात थोपटत एकेक वाक्य बसवून घेतात. सुराशिवाय मात्र शब्द निघत नव्हता. थेरपिस्ट म्हणाल्या, धीर धरा.

माझं म्हणाल तर मी आहे तिथेच आहे. नीरजाने मला आता पत्राची फक्त पहिली ओळ वाचायला शिकवलंय. दीनानाथांनी त्या दिवसापासून मला लिहिलेलं नाही, पण रोज सकाळी ते माझ्यावरची धूळ स्वतः पुसतात. तानपुरा बाई स्वतःच्या हाताने लावतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्याची गरज संपावी म्हणूनच त्याला आणलं होतं, असा मी एक. तुम्हाला मात्र एक विनंती आहे. कुणाचे आभार मानायचे झाले, तर नवीन पत्र लिहा. जुन्या आज्ञेच्या डोक्यावर लिहू नका. आणि तुमच्या घरी कुणी गप्प झालं असेल, तर त्याला कधीतरी खोलीत एकटं सोडा, पण सूर चालू ठेवून.

बरं, आता मला आवरतं घ्यायला हवं. पाच वाजलेत. बाईंची जुनी विद्यार्थिनी पूर्वा आज पहिल्यांदा परत शिकायला आली आहे. दीनानाथ आत चहा टाकतायत, नीरजा सुट्टी काढून दाराआड उभी आहे. पूर्वाने घाबरत सा लावला. जरासा खालीच लागला. मलाही कळलं, इतका मी आता तयार झालोय.

बाईंनी डोळे उघडले. आता त्या सुरात काहीतरी म्हणणार, म्हणून आम्ही सगळे कान देऊन बसलो. त्यांनी श्वास घेतला. आणि साध्या, कोरड्या, रोजच्या आवाजात, कुठलाही सूर न लावता, त्या म्हणाल्या,

“पुन्हा.”

आत कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. दाराआड नीरजाने तोंडावर हात धरला. पूर्वाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने आपली मान खाली घातली आणि पुन्हा सा लावला.